आत्या: प्रथम दर्जाचा धोका

धोरण संशोधनावर आधारलेलं असावं, याबद्दल आजवर एकाही धोरणकर्त्याचं दुमत झालेलं नाही. धोरण आधी ठरतं आणि आधार मागून शोधावा लागतो, एवढीच काय ती अडचण. नागरिक खाते विभागात मात्र सगळं शास्त्रशुद्ध चालायचं. तिथे आधी संशोधन व्हायचं, मग ते वाचलं जायचं (मुखपृष्ठ आणि आभार), आणि मग घाबरून धोरण ठरायचं.

या विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक नागरिकाचं एक खातं होतं. दवाखान्याचे कागद, शस्त्रक्रियांच्या तारखा, घराची कागदपत्रं, कार्यालयांशी झालेली भांडणं, सगळं त्यात. पासवर्ड विसरला की खातं तीन प्रश्न विचारायचं: आईचं माहेरचं आडनाव काय, पहिली शाळा कोणती आणि लहानपणी घरात काय म्हणत. या तीन गोष्टी जगात फक्त खातेदारालाच ठाऊक असतात असं ज्याने ठरवलं, त्याला बहुधा नातेवाईक नसावेत.

विभागाच्या संशोधन कक्षातल्या संशोधिकेला नातेवाईक होते. म्हणजे आत्या होती, आणि ती एकटीच दहांना पुरून उरायची. आईवडील लवकर गेले तेव्हा आत्याने शिवणाचे क्लास घेऊन भाचीला वाढवलं, शिकवलं आणि संगणकाच्या नादी लागू दिलं. आता आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. सुईत दोरा ओवणं सोडाच, चहात साखर पडली की मीठ, हे तिला चाखल्यावरच कळायचं. पण कान शाबूत होते आणि जीभ तर कोरी करकरीत. पूर्वी कपडे शिवायला टाकणारी बाई मापं देऊन निघेपर्यंत आत्याला तिचं माहेर, सासर, थोरल्या जावेचा स्वभाव आणि धाकट्याचा खोकला एवढं सगळं कळलेलं असायचं. मापांपैकी एखादं चुकायचं, खोकला कधी चुकला नाही.

यावरूनच संशोधिकेला प्रयोग सुचला. धोरण समितीच्या बाराही सदस्यांना तिने कळवलं की येत्या आठवड्यात तुमच्या खात्यावर परीक्षेपुरता हल्ला होईल, मंजूर आहे ना? सदस्यांनी आनंदाने लेखी संमती दिली आणि आठवडाभर संगणकावर डोळे रोखून बसले. मध्येच फोन वाजला, तर त्यांना तेवढाच विरंगुळा झाला.

"शिवणाच्या क्लासमधून बोलताय ना?" पलीकडून आत्या विचारायची. "नाही? अगबाई, चुकला वाटतं नंबर. पण काय हो, तुमचा आवाज का असा ओढलेला? जेवलात की नाही?"

जेवलात की नाही, या प्रश्नापुढे आजवर कोणतीही सुरक्षा यंत्रणा टिकलेली नाही. बारापैकी अकरा खाती उघडली. बारावं उघडलं नाही, कारण त्या सदस्यांना आपली पहिली शाळा स्वतःलाच आठवेना (आत्याने त्यांना बदाम सुचवले). सगळ्यात जास्त वेळ बोलले ते समितीचे अध्यक्ष. एरवी ते 'हो' आणि 'पाहू' यांपलीकडे बोलत नसत. आत्याला त्यांनी आईचं माहेर सांगितलं, त्या घरामागची विहीर सांगितली आणि घरात आपल्याला ढब्बू म्हणत हेही सांगून टाकलं.

संशोधिकेने ऐंशी पानांचा अहवाल लिहिला. त्यात शिफारस एकच होती: हे प्रश्न काढून टाका.

समितीने अहवालाचं एकमताने स्वागत केलं. धोका नेमका कुठे आहे हे शास्त्राने प्रथमच दाखवून दिलं होतं. धोका आत्यात होता.

मग समिती झपाट्याने कामाला लागली, आणि असं काम त्या इमारतीत पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. नातेवाइकांची प्रतवारी झाली. आत्या, प्रथम दर्जा. मावशी, द्वितीय (माहिती तेवढीच, पण मायेपोटी थोडी दडवते). काका, तृतीय (माहिती असते, पण भलत्याच पुतण्याची). नवरा, धोकामुक्त (पाहणीतल्या शंभरांपैकी एक्क्याण्णव नवऱ्यांना सासूबाईंचं माहेर ठाऊक नव्हतं, उरलेल्या नऊ जणांनी स्वतःच्या आईचं सांगितलं). सर्व मातांनी आपलं माहेर गुप्त ठेवावं, ते जमत नसल्यास दर तीन महिन्यांनी बदलावं, असंही ठरलं. आणि प्रश्न? प्रश्न तसेच राहिले, कारण त्यांच्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नव्हती. फक्त उत्तरं बदलली. यापुढे प्रत्येक नागरिकाला संगणकाने तयार केलेलं खोटं उत्तर मिळणार होतं. ते त्याच्या खात्यात सुरक्षित ठेवलेलं असेल आणि खातं उघडल्यावर केव्हाही वाचता येईल. जो तीनदा खरं उत्तर देईल तो आत्याच समजला जाईल आणि खात्याला तत्काळ कुलूप लागेल.

संशोधिकेला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन तिने आत्याला सगळं वाचून दाखवलं आणि दोघी पोट धरून हसल्या.

हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला की शस्त्रक्रियेची तारीख खात्यात पाठवली आहे, गुरुवारच्या आत होकार कळवा, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल आणि तुमचा वर्षभराने येईल. भाची कामावर होती. आत्या पासवर्ड विसरली होती. तिने शेजारणीला बसवून तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. ती अर्थातच खरी दिली. खात्याने नाकारली, तेव्हा आपलाच उच्चार चुकला असेल म्हणून तिने पुन्हा खरीच सांगितली. तिसऱ्यांदाही ती खरंच बोलली, तेव्हा खात्याला कुलूप लागलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं, आणि शेजारणीने ते रंगासकट वाचून दाखवलं: आपण आत्या आहात.

"आहेच की," आत्या म्हणाली. "पण त्यात लाल व्हायचं काय?"

संशोधिका मात्र रडकुंडीला आली. जिने आपल्याला अक्षरं दाखवली, तिच्या डोळ्यांपुढचा अंधार आपल्याच अहवालाने वर्षभर लांबणार, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती तडक अध्यक्षांकडे गेली.

"मॅडम, हे सगळं तुमच्याच संशोधनावर उभं आहे," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "तुमच्याच शब्दाबाहेर आम्ही कसं जायचं?"

"साहेब, मी प्रश्न काढा म्हटलं होतं."

"पाहू," अध्यक्ष म्हणाले. प्रथम दर्जाचं कुलूप फक्त तेच काढू शकत होते, तेही ओळख पटल्यावर, आणि ओळख पटवायला खोटं उत्तर लागत होतं. ते खात्यात होतं.

बुधवारी दुपारी अध्यक्षांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"शिवणाच्या क्लासमधून बोलताय ना?"

अध्यक्षांनी दार लावून घेतलं. "हे पाहा, तुम्ही प्रथम दर्जाचा धोका आहात. मला तुमच्याशी बोलता येत नाही."

"बोलू नकोस बाबा. ऐक नुसतं. ढब्बू, जेवलास का?"

अध्यक्षांनी खुर्ची फोनजवळ ओढली. आई गेल्यापासून त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. कार्यालयात साहेब, घरी अहो आणि नातवंडांत आजोबा, एवढ्यावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती.

"डबा तसाच आहे," ते म्हणाले.

"मग आधी खा. माझे डोळे कुठे पळून जात नाहीत. फक्त उद्याच्या आत होकार कळवायचाय."

अध्यक्षांनी डबा खाल्ला आणि कुलूप काढलं. ओळख कशी पटली, या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'आवाजावरून'. शिवाय त्यांनी आत्याला स्वतःचा पासवर्डही सांगून ठेवला, कारण तो नेहमी विसरतो आणि कोणा भरवशाच्या माणसाकडे असलेला बरा.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया छान झाली. समितीने पुन्हा बैठक घेतली आणि आत्या या धोक्याचं रूपांतर मानद सुरक्षा सल्लागारपदात केलं. संशोधिकेचा सत्कार झाला, कारण संशोधनाचा धोरणावर इतका थेट परिणाम पूर्वी कधी झाला नव्हता. प्रश्न अजून तेच तीन आहेत. बाकी अकरा पासवर्डही आता आत्याकडेच असतात, आणि सुरक्षेची परिस्थिती एकंदर समाधानकारक आहे.

हा मजकूर आत्याने परवा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. आवडला म्हणाली. फक्त वाचकांची काहीच चौकशी नाही, हे तिला खटकलं. "एवढा वेळ बसून वाचलं त्यांनी, कोण कुठले विचारायला नको?" तेव्हा तिच्यातर्फे सहज विचारून ठेवायचं: तुमच्या आई माहेरच्या कुठल्या हो? आणि लहानपणी घरात तुम्हाला काय म्हणायचे?

(मोठ्याने सांगायची गरज नाही. तुम्ही मनातल्या मनात सांगितलंत, आणि सांगताना जरा हसलातही. आत्याला तेवढं पुरतं.)