स्वतःची गाडी चोरणारे नागवेकर

नागवेकर रोज सकाळी सव्वासातला स्वतःचीच गाडी चोरतात.

चोरतात म्हणजे अगदी चोरासारखी. लालबागच्या आमच्या चाळीच्या पटांगणात, नळाच्या समोर, त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असते. दार उघडंच असतं, कारण ती गाडी नेईल असा चोर अजून जन्माला यायचाय. नागवेकर आत बसतात, डॅशबोर्डखाली डोकं घालतात आणि लोंबणाऱ्या वायरी हातात घेतात. एक ठिणगी उडते, सेल्फ कण्हतो आणि निळा धूर पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून थेट चहात उतरतो. दहा मिनिटं गाडी जागच्या जागी थरथरते. मग ते ती बंद करतात, बोनेटवर दोन थापा मारतात आणि घरी जातात. गाडी कुठेच जात नाही. जाऊच शकत नाही. पाच वर्षांपूर्वी चावी हरवली, आणि चावीशिवाय त्या गाडीचं स्टिअरिंग लॉक राहतं. इंजिन चालतं, पण चाक वळत नाही. सरळ गेली तर नळावर आदळेल.

आता कोणीही म्हणेल, मग दुसरी चावी करून घ्यावी माणसाने. पाच वर्षं आम्ही तेच म्हणत होतो. मार्केटच्या तोंडाशी छत्री लावून चावीवाला बसतो. वीस मिनिटांचं काम. पण नागवेकरांना सांगायला गेलं की ते चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "चावीचं काम चावीच करणार. जी हरवली ती गावली पाहिजे." झालं. पुढे बोलणं खुंटलं.

बरं, हे म्हणणारा माणूस कोण? पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये वायरमन म्हणून काढलेला. गिरगावपासून दादरपर्यंत जुन्या गाडीची चावी हरवली की लोक नागवेकरांना उचलून न्यायचे. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवऱ्याच्या गाडीची चावी करवलीच्या पर्समध्ये राहिली आणि करवली आधीच दादरच्या हॉलवर पोचलेली. नागवेकर शर्टाच्या बाह्या सारून आत शिरले आणि तीन मिनिटांत गाडी चालू केली. त्या तीन मिनिटांत नवऱ्याची, करवलीची आणि माझ्या भावाची अक्कल काढली ती वेगळीच. "गाडी करंटवर चालते, चावीवर नाय," असं म्हणाले. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला करंट आणि स्वतःच्या गाडीला चावी. हा कुठला न्याय, ते विचारायची सोय नाही.

माझ्या जावयाने नवी गाडी आणली, बटण दाबून सुरू होणारी. तो कौतुकाने दाखवायला गेला. नागवेकरांनी तिला एक फेरी मारली, आत डोकावले आणि म्हणाले, "चावी खोचायची जागाच नाय? मग घरातल्या माणसांनी हरवायचं काय?" जावई आजही मला विचारतो, ते काका नॉर्मल आहेत ना. मी सांगतो, आमच्या चाळीच्या मानाने आहेत.

पण माझा खरा राग गाडीवर नव्हता. राग होता तो शालिनीकाकींसाठी.

शालिनीकाकी म्हणजे नागवेकरांची बायको. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, गेल्या काही वर्षांत विसरभोळ्या झालेल्या. खाली इंजिन सुरू झालं की इकडे त्या चावी शोधायला निघतात. आधी स्वतःचं घर, मग गॅलरीतली एकेक खोली. दारं उघडीच असतात आमच्याकडे. "चावी बघितलास काय रे?" असं विचारत सरळ आत येणार, फ्रिजच्या वर हात फिरवणार, उशीखाली बघणार, डाळीचे डबे उघडणार. माझी बायको हल्ली तूरडाळीचा डबा स्वतःच उघडून पुढे करते. आणि हे चाललेलं असताना खालून नागवेकरांची हाक येते, "गावली काय गो?" काकी कठड्यावरून वाकून सांगतात, "नाय अजून." मग हा गृहस्थ गाडी बंद करून निवांत वर येतो आणि चहा पितो. पाच वर्षं, रोज. मी त्यांचा चेहरा बघितलाय त्या वेळी. सुटल्यासारखा दिसायचा.

गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारा छळतो तिला. स्वतःला येत असलेलं काम करत नाही आणि बायकोला दारोदार फिरवतो. मीही तेच म्हणायचो, आणि जरा मोठ्यानेच.

त्यांची एकुलती एक मुलगी होती, बेबी. वय चौतीस, नाव बेबीच राहिलं. आजारी पडली तेव्हा परळच्या हॉस्पिटलात होती. चाळीपासून चालत वीस मिनिटं, पण नागवेकर काकींना घेऊन रोज गाडीने जायचे, पेजेचा थर्मास घेऊन. बेबी गेली. चाळ तेरा दिवस जाऊन बसली, चौदाव्या दिवशी आपापल्या कामाला लागली. आपण सगळे असेच. त्यानंतर काही महिन्यांनी चावी हरवली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं चाळीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही टॉवरच्या नादात होतो.

टॉवर म्हणजे आमचं रिडेव्हलपमेंट. मी कमिटीचा सेक्रेटरी, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसवलेला माणूस. बिल्डरने कळवलं की माती तपासायला बोअरिंगचं मशीन येतंय, सोमवारपर्यंत पटांगण मोकळं करा. सगळ्यांनी आपापल्या स्कूटर हलवल्या. राहिली एक पांढरी गाडी. मी नागवेकरांकडे गेलो.

"काका, सोमवारी मशीन येतंय. गाडी हलवायला लागेल, नाहीतर ते टोइंगने उचलून भंगारात टाकतील."

"गाडी हलणार नाय."

"मग लॉक तोडा. तुम्हाला काय अवघड आहे?"

"सेक्रेटरी, ती गाडी माझ्या दारातून गेली तर माझं घर चालायचं नाय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "चाळ पाडायची तेव्हा पाडा. तोवर तिला हात लावू नको."

घर चालायचं नाही म्हणे. पाच वर्षं जागची न हललेली गाडी ह्यांचं घर चालवते. माझं डोकं फिरलं. मीटिंगमध्ये सगळे माझ्यावर तुटून पडले की एका म्हाताऱ्यापायी टॉवर अडलाय. तेव्हा मी एक शहाणपणा केला. शनिवारी सकाळी नागवेकर काकींची औषधं आणायला गेलेले बघून मी मार्केटमधून चावीवाल्याला घेऊन आलो. गाडी आमच्याच माणसाची आहे, हे मी सेक्रेटरीच्या रुबाबात सांगितलं. त्याने कोरी चावी कुलपात घातली, फिरवून बघितली, कानशीने घासली, परत घातली. वीस मिनिटं. स्टिअरिंग लोण्यासारखं वळलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला पुण्यही पाहिजे होतं. मी चावी घेऊन वर गेलो. शालिनीकाकी आमच्याच घरात कपाटाखाली वाकून बघत होत्या.

"काकी, उठा. सापडली चावी," मी म्हणालो. "नळापाशी होती."

काकींनी चावी हातात घेतली, पदराने पुसली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "गुणाचा माझा तो," म्हणाल्या. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, पाच वर्षांचा छळ संपवला आपण.

दहा मिनिटांनी त्या खाली उतरल्या. ठेवणीतली हिरवी साडी नेसलेल्या, वेणी घातलेली, हातात पिशवी. पिशवीत थर्मास आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाईच्या चपला. जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. मी विचारलं, कुठे निघालात काकी?

"बेबीला घरी सोडतायत ना. आणायला नको?" त्या म्हणाल्या. "तिने सांगितलंय, टॅक्सी नको, आपल्याच गाडीतून न्या. चावीपायी खोळंबलं होतं सगळं."

मी तिथेच उभा राहिलो.

नागवेकर गेटातून आत आले. काकींना बघितलं, चावी बघितली, मग मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी औषधांची पिशवी माझ्या हातात दिली, गाडीत बसले, चावी फिरवली. गाडी पाच वर्षांत पहिल्यांदा वळली आणि गेटातून बाहेर पडली. गॅलरीतल्या लोकांना काय माहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाऊण तासाने गाडी परत आली. गेटापासूनच काकींचं रडणं ऐकू येत होतं. त्यांना दोघींनी धरून वर नेलं. भेटेल तिच्या गळ्यात पडून त्या सांगत होत्या, "अगो, माझी बेबी गेली गो." पाच वर्षांपूर्वी ज्या बायका त्यांच्याजवळ जाऊन बसल्या होत्या, त्याच परत जाऊन बसल्या. कोणी चहा केला, कोणी पाठीवरून हात फिरवला. बेबी आमच्या चाळीत दुसऱ्यांदा वारली, आणि ह्या वेळी ते माझ्या हातून झालं होतं.

दुपारी नागवेकर माझ्या दारात आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"झोपली," म्हणाले. "उठेल तेव्हा काय पण आठवायचं नाय. उद्या सकाळी परत तयार होईल."

"काका, मला माहीत नव्हतं."

"कोणालाच नाय. आधी चार महिने मी रोज दार लावून खरं सांगितलं तिला. रोज सकाळी ती तयार व्हायची आणि रोज मी सांगायचा. रोज तिची पोरगी त्या दिवशी मरायची. माणूस किती वेळा सांगेल? मग एक दिवस म्हटलं, जाऊया की, पण चावी हरवलीय, तेवढी शोध. शोधायला लागली. दुपारपर्यंत दमते, विसरते. इंजिन ऐकलं की तिला बरं वाटतं, आपलं माणूस आणायची तयारी चाललीय म्हणून."

"मग खरी चावी?"

"गटारात टाकली."

"लपवून ठेवायची होती."

नागवेकरांनी खिशातून नवी चावी काढली.

"घरात असती तर मी पण गेलो असतो रे एखाद दिवशी," ते म्हणाले. "मला सगळं आठवतं. पण सकाळी गाडीत बसलो की वाटतं, जाऊन तर बघूया. म्हणून तर टाकली." आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "आज पण हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जाऊन थांबलो आणि तिला खरं सांगितलं. आत जायला निघालो होतो."

रविवारी कमिटीची मीटिंग घेतली आणि नागवेकरांनी सांगितलेलं सगळ्यांना सांगितलं. कोणीतरी सुचवलं की मशीन मागच्या बाजूने, मोरीजवळून आत घेता येईल. जाऊन बघितलं. दोन कुंड्या आणि एक मोडका पलंग हलवला की झालं. ही जागा आधी दिसली नव्हती, कारण आधी सगळ्यांना नागवेकरांना नमवायचं होतं. मग मी वहीत लिहिलं: 'नवीन चावी बनवून पाहिली. कुलपाला लागली नाही. गाडी हलवता येत नाही.' गाडी गेटातून जाताना अख्ख्या चाळीने बघितली होती. तरीही वही फिरली, एकेकाने सही केली.

शेवटी वही घेऊन मी नागवेकरांकडे गेलो. काकी आत डबे उघडून बघत होत्या. नागवेकरांनी चष्मा लावला आणि लिहिलेलं दोनदा वाचलं.

"'लागली नाही' असं नसतं," ते म्हणाले. "चावी कुलपात जाते, पण फिरत नाय. तसं लिही. उद्या बिल्डरने वायरमन आणला तर त्याला पटायला पाहिजे."

मी तिथेच खोडून नीट लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि वही मला परत दिली.