सबनीस आणि भिंतीवरची मोकळी जागा

मुळशीतल्या चांदे गावच्या आमच्या सोसायटीत राहणारे सबनीस ओळख झाल्याशिवाय कुणाचा फोटो काढत नाहीत. पूर्ण नाव, गाव, घरात कोण कोण, यंदा भात कसं आहे, एवढं झालं की मगच कॅमेरा डोळ्याला लावतात. तोवर समोरच्या म्हशी निघून गेलेल्या असतात, ऊन उतरलेलं असतं, कधी कधी तो माणूसही कंटाळून गेलेला असतो. अशा माणसाने वर्तमानपत्रात सगळी नोकरी कशी काढली, हे मला न सुटलेलं गणित आहे. विचारलं तर म्हणतात, "बातमी पळते हो. माणूस कुठे पळतो?"

निवृत्तीनंतर ते पौडला नदीजवळच्या एका मंगल कार्यालयात वृत्तछायाचित्रणाचं पाच दिवसांचं शिबिर घेतात. यंदा मीही गेलो. मी हिशेब तपासणारा माणूस. फोटो काढायचा तो पावतीचा, एवढंच मला ठाऊक. बाकीची मंडळी हिंजवडीत नोकरी करणारी. त्यांच्या लेन्स माझ्या हाताएवढ्या लांब.

पहिला अख्खा दिवस सबनीसांनी कॅमेरे पिशवीतच ठेवायला लावले आणि आम्हांला नुसतं बोलायला गावात सोडलं. मुळशीत हे जोखमीचं काम आहे. इथे अनोळखी माणूस गोड बोलून नाव-गाव विचारू लागला की तो प्लॉटवाल्यांचा एजंट धरला जातो. मी एका आजोबांना घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "भावांच्या सह्या व्हायच्या न्हाईत. आन मला इकायची बी न्हाई." मी फोटोच्या शिबिराचं सांगितलं. "व्हय, मागचा बी आदी फोटोच काढत हुता."

सबनीसांना सांगितलं तर ते खूश झाले. माणूस रागावला म्हणजे निम्मी ओळख झाली, उद्या परत जा, म्हणाले. गेलो. त्याच्या पुढच्या दिवशीही गेलो, तेव्हा आजोबांनी चहा पाजला आणि जमिनीचा भाव मलाच विचारला.

आमच्यात अमरावतीची मृणाल होती. तिला एवढा धीर नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी तिने कुणाला काही न विचारता लांबून एक फोटो घेतला. नदीच्या दगडावर एक बाई ओली चादर आपटते आहे आणि पाणी उन्हात पंख्यासारखं उघडलं आहे. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो मीही दोनदा मागून बघितला. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. एका मासिकाच्या संपादक बाई येऊन छापायला एकच फोटो निवडणार होत्या. तो कोणता असणार, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

सबनीसांनी प्रिंट काढली आणि मृणालला विचारलं, "ह्या कोण?"

तिला ठाऊक नव्हतं.

"मग चला, विचारून येऊ."

भामाबाई नदीजवळच राहत. फोटो हातात घेऊन आधी त्या हसल्या, मग तो सबनीसांच्या हातात परत दिला. बंगलेवाल्यांच्या चादरी त्या धुतात. मुलाला नोकरी लागल्यावर त्याने हे काम सोडायला लावलं होतं, आणि सोडलं म्हणून त्यांनी सांगितलंही होतं.

"छापू नका सायेब," त्या म्हणाल्या. "त्याला वाटंल, मी आईला पुरत न्हाई."

चेहरा तर अर्धाच दिसतोय, मृणाल म्हणाली.

"आईचा अर्धा पुरतो," सबनीस म्हणाले आणि प्रिंट पिशवीत टाकली.

परतताना ती चार पावलं पुढेच चालत राहिली. त्यांनीही तिची समजूत काढली नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तो भिंतीच्या मधोमध, सगळ्यात चांगल्या उजेडाची जागा मोकळी. खाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: "छायाचित्र मृणालचं. उत्तम आहे. ज्यांचं आहे त्या दाखवू नका म्हणाल्या." संपादक बाई त्या कोऱ्या भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. निवडला मात्र दुसराच, बाजारातल्या कोंबड्यांचा. मृणालने टाळ्या वाजवल्या, पण सबनीसांकडे पाहिलं नाही.

समारोप झाल्यावर सबनीस प्रिंट भामाबाईंना द्यायला निघाले. मी सोबत गेलो, आणि मृणालही मागून आली. भामाबाई अंगणात धुणं पिळत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, फोटो लांब धरून पाहिला, आणि पोरगा येईल तेव्हा डब्यामागं ठेवीन म्हणत आत नेला.

त्या बाहेर आल्या तर सबनीस कॅमेरा कट्ट्यावर ठेवून बादलीतल्या मोठ्या चादरीचं टोक धरून उभे होते. राहू द्या, राहू द्या, म्हणत भामाबाईंनी दुसरं टोक घेतलं. दोघं उलट्या बाजूंनी पीळ देऊ लागली. कुठे ताणायचं, कुठे जरा सैल सोडायचं, सबनीसांना नेमकं ठाऊक होतं.

"घरी बी करताय वाटतं," भामाबाई म्हणाल्या.

"करायचो. आता धोब्याला देतो," सबनीस म्हणाले. "एकट्याला चादर पिळता येत नाही."

भामाबाईंनी पिळलेली चादर दोरीवर टाकली. बादलीतून दुसरी काढली आणि तिचं टोक त्यांच्या हातात दिलं.