तांदळाच्या डब्यातली डिस्क

कमळाकर गावंडांच्या लॅपटॉपमधली जागा संपली तेव्हा त्यांच्या ओटीवर सात माणसं बसली होती, आणि आता सातही जणांना लवकर उठता येणार नाही या विचाराने कमळाकरांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

धाटावच्या कंपनीतून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा साहेबांनी आपला जुना लॅपटॉप त्यांच्या हातात ठेवला होता. वर्षभरात बायको, मैना, गेली. मूलबाळ नव्हतं. धरमतर खाडीकाठच्या घरात उरले कमळाकर आणि तो लॅपटॉप. मग गावातल्या एका लग्नाची पत्रिका त्यांनी त्यावर मांडून दिली, फ्लॉपी पेणच्या छापखान्यात गेली, पत्रिका झोकात छापून आली आणि कमळाकरांचं नाव झालं. ते पैसे घेत नसत, उलट चहा पाजत. माणूस अर्धा तास समोर बसायचा, तेवढंच त्यांना हवं असायचं.

अडचण एकच होती. पेणकडचा माणूस जेवणावळीत तडजोड करील, पण पत्रिकेवर दुसऱ्याचा गणपती चालवून घेणार नाही. जो तो आपल्या घरच्या मूर्तीचा फोटो पेणच्या स्टुडिओतून फ्लॉपीवर चढवून आणी, आणि एकेक गणपती अख्खी फ्लॉपी व्यापून येई. असे दोनशे अकरा गणपती लॅपटॉपमध्ये विराजमान झाले. हरेशच्या बहिणीच्या लग्नाचा दोनशे बारावा आला, त्याला यंत्राने दारातच अडवलं.

“जागा नाय,” कमळाकर म्हणाले. “जुनं कायतरी पुसायला लागंल.”

“मग पुसा की,” हरेश म्हणाला. “लागलेल्या लग्नांच्या पत्रिका ठेवून काय लोणचं घालायचंय?”

शेजारच्या धोंडुबाई रोज संध्याकाळी येऊन दाराशी बसत. काम काही नसे. त्यांनी मान लांब करून पडद्याकडे पाहिलं.

“पुसला की गणपती जातो कुठं रे?”

“हितं.” कमळाकरांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्र दाखवलं.

“हा तर कचऱ्याचा डबा हाय.”

भजनी मंडळाचे म्होरके गुणाजीबुवा मिठागरावरून येता येता चहाला थांबले होते. त्यांनी कप खाली ठेवला. “उत्तरपूजा केल्याशिवाय गणपती हलवायचा नाय,” ते म्हणाले. “डब्यात तर नायच नाय.”

झालं. पुढचे पंधरा दिवस यावर खल चालला. रोज दहा-बारा माणसं जमत. कुणाचा गणपती काढायचा, यावर जो तो दुसऱ्याचं नाव सुचवी. कमळाकरांना साखर दोनदा आणावी लागली, आणि ती त्यांनी मोठ्या हौसेने आणली. मैना गेल्यापासून ते इतके सुखात कधी नव्हते.

पण हरेशच्या बहिणीची तारीख जवळ येत होती. एके सकाळी त्याने कमळाकरांना लॅपटॉपसकट उचललं आणि रोह्याला नेलं. तिथे अनिता नावाची मुलगी कॉम्प्युटरचे क्लास चालवी. तिने लॅपटॉप उलटा केला, एक खटका दाबला, बाजूच्या खणातली फ्लॉपीची पेटी ओढून काढली आणि त्या जागी दुसरी हार्डडिस्क सरकवली. फ्लॉपीची पेटी बाहेरून वायरने जोडून दिली. सगळे गणपती नव्या डिस्कवर नेऊन बसवले.

“काका, आता धा वर्षं बघायला नको,” ती म्हणाली. “दोन मिंटात काम. कोणाला ताटकळायला नको.”

ती बोलली ते शब्दशः खरं झालं, आणि कमळाकरांचे ग्रह फिरले. माणसं येत आणि दोन मिनिटांत फ्लॉपी घेऊन उठत. “चहा?” विचारलं की “नको काका, वडखळला एसटी गाठायचीय.” वादच मिटल्यामुळे बाकीच्यांना यायला निमित्त उरलं नाही. धोंडुबाईही येईनाशा झाल्या. नुसतं येऊन बसायला चार माणसांचा आडोसा लागतो, एकट्या पुरुषाच्या ओटीवर एकटी विधवा बाई कशी बसणार? कमळाकर संध्याकाळी सवयीने दोन कप चहा टाकत आणि एक मोरीत ओतत. एकटे ते आधीही होते, पण मधे माणसांची चव लागली होती. आता ते एकटेपण सोसवेना.

नवव्या दिवशी त्यांनी खटका दाबला, डिस्क ओढून काढली, रुमालात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरली. मग दारावरून जाणाऱ्या हरेशला ते म्हणाले, “डिस्क बिघडली रे. गणपती गेले समद्यांचे.”

चार माणसं येतील, हळहळतील, चहा पितील, एवढाच त्यांचा बेत होता. पण तासाभरात ओटी भरली आणि अंगणही भरलं. एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. गुणाजीबुवा सोवळं नेसून, पाट आणि सहा टाळकरी घेऊन आले.

“दोनशेच्या वर गणपती निरोपाशिवाय गेले,” ते म्हणाले. “गावाला बरं नाय. या मशिनीची उत्तरपूजा करू आणि धरमतरला सोडून येऊ. भरती चारला हाय.”

“लॅपटॉप पाण्यात टाकणार?” कमळाकरांनी विचारलं.

“टाकायचा कशाला? वाजतगाजत न्यायचा.”

बघता बघता लॅपटॉप पाटावर बसला, त्याच्या झाकणावर कुंकू लागलं, जास्वंद चढली. हरेशने पाट डोक्यावर घेतला. टाळ सुरू झाले. त्या घरात इतकी माणसं मैना गेली त्या दिवशीही आली नव्हती, आणि आता ती सगळी मिळून माणसांना या घरात आणणारी एकुलती एक वस्तू घेऊन निघाली होती.

“थांबा,” कमळाकर म्हणाले. “डिस्क चांगली हाय. तांदळात पुरलीय. मीच काढली.”

टाळ थांबले.

“तुम्ही दोन मिंटात उठून जाता,” त्यांचा आवाज फुटला. “मग घर खायला उठतं मला.”

हरेशने पाट हळूच खाली ठेवला. एकेक जण चपला शोधून बाहेर पडला. आता या दारात कुणी फिरकणार नाही, हे कमळाकरांनी ओळखलं. लाजेने त्यांना मान वर करवेना. बाहेर अंगणात बराच वेळ कुजबुज चालली. त्यात धोंडुबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. मग गुणाजीबुवा एकटे परत आत आले.

“गणपती नीट हायत का ते ज्याचं त्यानं बघायला पायजे,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “रोज सांजच्याला एक घर येणार. घाईत बघायचं नाय. दोनशेच्या वर दिवस लागतील, लागूंदे. पयला नंबर धोंडुबाईचा.”

संध्याकाळी धोंडुबाई आल्या आणि या वेळी दाराशी न बसता थेट लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसल्या. कमळाकरांनी डिस्क पुसून खणात सरकवली आणि धोंडुबाईंचा गणपती शोधायला घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी दोनदा पाहिलं. मग त्यांना आठवलं. धोंडुबाईंनी या लॅपटॉपवर एकच पत्र करून घेतलं होतं, नवऱ्याच्या बाराव्याचं.

“वैनी,” ते चाचरत म्हणाले, “तुमच्या पत्रावर गणपती नव्हताच.”

“ठावं हाय मला,” धोंडुबाई म्हणाल्या. “शोध तू. मला घाई नाय.”