थेंबरावांच्या घरची गळती

सकाळी उठल्या उठल्या थेंबरावांनी ओली गादी उचलून बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि तिच्या मधोमध उमटलेल्या डागाकडे वैद्यानं नाडी बघावी तसे ते बघत राहिले. थेंबराव धंद्यानं प्लंबर. खरं नाव दुसरंच होतं, पण "माझ्या हातचा जोड आहे, थेंब जरी गळला तरी मिशी उतरवीन" असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, त्यामुळे लोकांनी हे नाव पाडलं. मिशी अजून जागच्या जागी होती. भल्याभल्या नळांनी त्यांच्यापुढे मान तुकवलेली. फक्त त्यांचा दीड वर्षांचा ढब्बू तेवढा बधत नव्हता. तो रोज रात्री गळत होता.

महिन्यापूर्वीपर्यंत ही भानगड नव्हती. मग ढब्बूची आई रजा संपवून कामावर गेली. ती बस चालवायची, आणि नेमकी पहाटेची पहिली बस तिच्या वाट्याला आली. तिला झोप मिळावी म्हणून रात्रीचा ढब्बू थेंबरावांनी आपण होऊन मागून घेतला.

"अगं, मी पाण्यातला माणूस! डायपर म्हणजे असून असून काय असणार? दोन पट्ट्या नि एक कंबर. तू निवांत झोप."

बायको निवांत झोपली. डायपर गळला. दुसऱ्या रात्री गळला, तिसऱ्या रात्री गळला, आणि मग त्यानं ती सवयच लावून घेतली. ओलं झालं की ढब्बू भोकाड पसरायचा, आणि कपडे बदलले की अंगात वारं शिरल्यासारखा खेळायला उठायचा.

"तुम्ही वेळेवर बदलत नसाल," पहाटे बूट चढवता चढवता बायको म्हणायची.

"बदलतो गं! झोपताना बदलतो, मध्ये उठून बदलतो."

"मग माझ्या हातून कसा कधी गळला नाही?"

यावर थेंबराव डायपरच्या कंपनीला शिव्या घालायचे.

इथवर घरातली गोष्ट घरात होती. पण कठड्यावरची गादी साऱ्या रस्त्याला दिसत होती. समोरच्या इमारतीत चेअरमनबाई राहायच्या. तीन मुलगे आणि चाळीस बिऱ्हाडं एकाच आवाजात गप्प करणारी ही बाई. त्यांच्या इमारतीची सगळी जुनी नळजोडणी बदलायची होती, आणि ते काम मिळावं म्हणून थेंबराव देव पाण्यात घालून बसले होते. आजवर एवढं मोठं काम त्यांच्या हाती आलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी त्यांना भर रस्त्यात गाठलं.

"काय हो, तुमचं छत गळतं वाटतं?"

"छे छे! कोण म्हणालं?"

"गादी म्हणाली. रोज वाळत असते."

"ते होय... ते आमच्या पोराचं."

"रोज? एवढं? अहो, पोर आहे का गच्चीवरची टाकी? आमच्याकडे लोक बोलायला लागलेत, ज्याच्या स्वतःच्या घरात गळती त्याच्या हाती आपले नळ कसे द्यायचे? उद्या सकाळी मी येते नि छत बघते. मगच काय ते ठरवू."

छत कोरडं ठणठणीत होतं, त्याची थेंबरावांना काळजी नव्हती. पण बाईंचा पुढचा प्रश्न त्यांना आत्ताच ऐकू येत होता. एका पोराची गळती थांबवता येत नाही, तर चाळीस बिऱ्हाडांची काय थांबवणार? काही झालं तरी आजची रात्र कोरडी जायलाच हवी होती.

ते तडक औषधांच्या दुकानात गेले.

"मोठा डायपर द्या."

"बाळाचं वजन किती?"

"वजन काय विचारता? गळती विचारा!"

दुकानदारानं मुकाट्यानं मोठ्यातला मोठा डायपर काढून दिला. घरी येऊन थेंबरावांनी ढब्बूला आधी नेहमीचा डायपर घातला, त्यावर तो मोठा चढवला आणि कंबरेभोवती नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप फिरवायला घेतली.

"अहो, लेकरू आहे ते, पाइप नाही!" बायकोनं टेप ओढून घेतली.

"बरं, मग आता सकाळपर्यंत त्याला पाणी देऊ नकोस. मेन कॉक बंद केल्याशिवाय—"

"तहानलेल्या पोराचं पाणी तोडाल, तर तुमची मिशी मी उतरवीन!"

मेन कॉक चालूच राहिला. ढब्बू दोन डायपर घालून, कंबरेला उशी बांधल्यासारखा फेंगडा चालत बशीभर भात नि पेलाभर पाणी संपवून आला. शेवटचा उपाय म्हणून थेंबरावांनी कामाच्या पिशवीतून रबरी कापड आणून गादीवर अंथरलं आणि समाधानानं ढब्बूला कुशीत घेतलं.

रबरी कापडानं आपलं काम चोख केलं. ढब्बूकडचं पाणी गादीत मुरू न देता त्यानं ते उतारानं थेंबरावांच्या पाठीखाली पोचवलं. जाग आली तेव्हा बापलेक दोघंही भिजले होते, आणि गादीची आजवर वाचलेली बाजूही गेली होती. बापाला ओलं बघून ढब्बू मात्र टाळ्या वाजवून हसला.

सकाळी बायको कामावर गेल्यावर बेल वाजली. चेअरमनबाईंनी आत येऊन आधी छत बघितलं. कोरडं. मग गादी बघितली. मग टेबलावर उघडाबंब पडून पाय झाडणारा ढब्बू बघितला.

"म्हणजे खरंच पोराचं आहे हे?"

"मग काय खोटं बोललो मी?" थेंबरावांचा बांध फुटला. "हे बघा, खाली डायपर कोरडा नि बंडी गळ्यापर्यंत ओली. म्हणजे कंबरेच्या जोडातून फुटतंय. इलॅस्टिकच कच्चं! माल चांगला नसला तर कारागीर काय करणार?" बोलता बोलता त्यांनी नवा डायपर ढब्बूला लावायला घेतला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या वाकून बघू लागल्या. "तोटी कुठल्या बाजूला आहे?"

"अं?"

"वरच्या बाजूला. तोटी आभाळाकडे करून बसवायची नि पाणी खाली पडायची वाट बघायची, हे कोणी शिकवलं तुम्हाला? तोंड खाली करा आणि मग लावा पट्ट्या. तीन मुलगे वाढवलेत मी."

थेंबराव बघतच राहिले. महिनाभर त्यांनी पट्ट्या तपासल्या, इलॅस्टिक ताणून पाहिलं, दुकानदाराशी भांडण काढलं, पण तोटीकडे काही त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"काम तुम्हालाच देते," दारातून बाहेर पडताना बाई म्हणाल्या. "छत चांगलं आहे, नि पोराला हात हळू लावता तुम्ही. पण आमच्याकडे तोट्या बसवाल ना, तेव्हा मी समोर उभी राहणार."

त्या रात्री ढब्बूला एकच साधा डायपर होता. ढब्बू झोपला, थेंबराव झोपले, आणि पहाटे बायकोच्या बुटांच्या आवाजानं त्यांना जाग आली तेव्हा हाताला गादी कोरडी लागली. बंडी कोरडी, पांघरूण कोरडं. ढब्बू त्यांच्या दंडावर गाल टेकून गाढ झोपला होता. थेंबरावांना इतकं बरं वाटलं की काम मिळाल्याचा आनंदही त्यापुढे फिका पडला.

"जमलं!" ते कुजबुजले. "एक युक्ती काढलीय मी. त्याचं कसं आहे, तोंड खाली करायचं नि मगच पट्ट्या लावायच्या."

"म्हणजे काय! मी पहिल्या दिवसापासून तसंच तर लावायचे."

थेंबराव ताडकन उठून बसले. "अगं, मग महिनाभर सांगितलं का नाहीस?"

बायकोनं घड्याळाकडे एक नजर टाकली आणि मग शांतपणे नवऱ्याकडे बघितलं.

"तोटीचं तोंड खाली ठेवायचं असतं, हे मी प्लंबरला सांगायचं?"

ती हसू दाबत दार ओढून गेली. थेंबराव पुन्हा आडवे झाले, आणि त्यांचा हात आपसूक मिशीकडे गेला.