सावळेराम ड्रायव्हरच्या पाच गेम

सावळेराम काकांना सगळ्यात जास्त आवडणाऱ्या पाच गेम कोणत्या, हे अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच माणूस छातीठोकपणे सांगू शकत होता. तो माणूस म्हणजे ऋषी! हे मतही अर्थात ऋषीचंच होतं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर लोक म्हैस घेतात, बोअर मारतात. काकांनी कॉम्प्युटर घेतला. तोही साधासुधा नाही, खास गेम खेळायचा, आतून लाल-निळे दिवे लागणारा. मंचरला मोबाइलच्या दुकानात कामाला असलेल्या पुतण्यानं, म्हणजे ऋषीनंच, तो जोडून दिला होता. तेव्हापासून दर रविवारी डिंभ्याच्या घरात काका-पुतणे शेजारी शेजारी बसायचे. काकांनी कुठल्याही गेमला तिच्या इंग्रजी नावानं कधी हाक मारली नाही. खजिना शोधायची ती भुयारवाली, ट्रॅक्टर फिरवायची ती शेतवाली, बंदुकांची ती ठोकाठोकी. वर उडीवाली आणि विटांची. झाल्या पाच!

एका दुपारी चहा पिता पिता काका गेले. कप हातातून पडलासुद्धा नाही, नुसता कलंडला. ऋषी ओक्साबोक्शी रडला, आणि ते रडणं अगदी खरं होतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अग्नी त्यानंच दिला. पण सुतकात बसल्या बसल्या त्याच्या मनात एक विचार शिरला तो शिरलाच. मशीनचं काय? काकूंना त्यातलं काही कळत नाही. धूळ खात पडेल बिचारं. दहावा उरकला की गुपचूप मंचरला न्यायचं, असं त्यानं ठरवूनही टाकलं. कुणाला बोलला मात्र नाही.

दहावा डिंभ्याच्या धरणाखाली, घोड नदीच्या घाटावर होता. आपल्याकडे दहावा म्हणजे प्रवचन आलं, माईक आला आणि माईक हातात आल्यावर न सोडणारी माणसं आली. सगळी भाषणं झाली. मुंडण केलेल्या ऋषीनं पिंड ठेवले, हात जोडले आणि तो मागे सरकला. सगळे करंजाच्या झाडाकडे बघू लागले. वर एकच कावळा होता. तो बघत होता धरणाकडे.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ऊन चढायला लागलं.

"कुणाच्या मनात काही राहिलं असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढे अजून एक दहावा होता.

काकांसोबत आयुष्यभर कंडक्टर म्हणून फिरलेले गेणभाऊ माईक धरून उभे होते. त्यांनी तो काकांच्या धाकट्या भावापुढे, म्हणजे ऋषीच्या वडिलांपुढे केला. रामनाथरावांनी घसा खाकरला.

"दादा, त्या बांधाचं मनात ठिवू नगा. मी एक तास मागं सरतो."

नांगराच्या एका तासानं कावळा हलला नाही. लोक रामनाथरावांकडे बघत राहिले. चारचौघांत, माईकवर, मोठ्या भावाच्या दहाव्याला हात आखडता कसा घेणार?

"बरं, दोन तास! आन् तो आंब्याचा कोपराबी तुमचाच व्हता दादा, तो वैनीचा!"

गर्दीतून "वा रामनाथ!" असं कुणीतरी म्हणालं. कावळ्यानं पंख झाडले आणि तो वरच्या फांदीवर जाऊन बसला.

काकू कडेला बायकांमध्ये बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्यांची नजर पिंडावरून हलत नव्हती. आपला माणूस काहीतरी मनात ठेवून गेला, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. ऋषीला ते बघवेना. त्याला वाटलं, आता आपणच! काकांचा जीव कशात होता ते आपल्याशिवाय कुणाला माहीत?

त्यानं माईक घेतला.

"काका," तो म्हणाला, "भुयारातला खजिना काढायचा ऱ्हायलाय ना? तुमी काळजी करू नका. तो मी काढीन."

मागच्या रांगेतली दोन माणसं पुढे येऊन बसली.

"कसला खजिना?" रामनाथरावांनी हळूच विचारलं. ऋषीचं लक्ष नव्हतं. त्याचे डोळे मिटले होते.

"आन् तुमची ती चाळीस एकर! दोन ट्रॅक्टर, हार्वेस्टर, समदं मी संभाळीन."

"चाळीस एकर?" रामनाथराव ताडकन उभे राहिले. "दादाची चाळीस एकर हाय? आन् माज्या कोपऱ्यासाठी ह्यो माणूस पंधरा वर्सं बोलला न्हाई? गेणभाऊ, कोपरा क्यान्सल! लिहून घ्या, क्यान्सल!"

"आवं, पोराला बोलू तर द्या!" गेणभाऊ म्हणाले.

ऋषी बोलतच होता. दुःखाचा जोरच तसा असतो.

"काका, तुमी तीनशे माणसं मारली. पुलाखाली दबा धरून बसल्याली तेवढी ऱ्हायली. ती मी मारतो. मंग तरी शांत व्हाल ना?"

लाउडस्पीकर चांगल्या कंपनीचा असावा. धरणाच्या भिंतीवर आपटून ते वाक्य परत घाटावर आलं. पोलीस पाटील चहाचा कप खाली ठेवून उठले. एका म्हातारीनं "आगं बया, सावळेराम?" म्हणत तोंडाला पदर लावला. गुरुजी चार पावलं मागे सरकले ते थेट नदीत.

"ऋषी, डोळं उघड," गेणभाऊ त्याच्या कानाशी म्हणाले. "डोळं उघड बाबा."

ऋषीनं डोळे उघडले आणि समोर गाव बघितलं. मग पुढची सगळी वेळ खुलासे करण्यात गेली. खजिना कॉम्प्युटरमधला, चाळीस एकर कॉम्प्युटरमधली, मेलेली माणसंही कॉम्प्युटरमधलीच. पोलीस पाटलांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. रामनाथरावांना मात्र चाळीस एकर खोटी निघाल्याचं बरं वाटावं की वाईट, हे कळेना, कारण कोपरा पुन्हा द्यावा लागणार होता. लोक हसत होते. दहाव्याला हसू नये म्हणून तोंड फिरवून हसत होते, एवढंच.

कावळा अजून वरच होता.

"शेवटचं सांग काकांना," गेणभाऊ म्हणाले.

"उडीवाली आन् विटांचीबी पुरी करीन, काका. मशीन मंचरला न्हेतो आन् समद्या..."

जे तोंडातून जायला नको होतं ते माईकवरून गेलं. ऋषीनं जीभ चावली. कावळ्यानं झाड सोडलं आणि नदीपलीकडे उडून गेला.

"दर्भाचा कावळा करू या," ओल्या धोतरानं गुरुजी म्हणाले.

तेव्हा काकू उठल्या. त्या माईकपाशी गेल्या नाहीत. पिंडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऋषी, येस्टीची ऱ्हायली."

"ती?" ऋषी चाचरला. "काकू, ती गेम न्हाई. तिच्यात काईच व्हत न्हाई. नुसती बस चालवायची. स्टँड, थांबा, स्टँड. ती पाचात न्हाई बसत."

"तू रईवारी यायचास. रईवारी ती लावायचे न्हाईत, तू हसतोस म्हनून." काकूंचा आवाज साधाच होता. "बाकीचे दिस सकाळी आंगोळ करून खाकी शर्ट घालायचे. मला म्हनायचे, जाऊन येतो गं. आन् तिथंच, चार पावलांवर बसायचे. दुपारी उठले की म्हनायचे, आलो. मी च्या द्यायची. म्या कदी म्हनलं न्हाई, की कुटं गेला व्हता तुमी?"

गेणभाऊंनी ऋषीच्या हातातला माईक काढून खाली ठेवला. ऋषीला काकांचा दर रविवारचा चेहरा आठवला, शेजारी बसून त्याच्या आवडीच्या गेम खेळणारा. ती पाच नावं काकांनी दिली होती. आवड कुणाची होती, ते विचारायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली.

काकूंनी पिंडाकडे बघून हात जोडले.

"मशीन कुटं जायाची न्हाई. गाडी बंद पडायची न्हाई. मी शिकंन."

कावळा आला. पलीकडून आला, करंजावर टेकलासुद्धा नाही, सरळ पिंडावर उतरला. घाटभर माणसांनी सोडलेला श्वास ऐकू आला. गेणभाऊ लहान मुलासारखे रडले. रामनाथरावांनी पोलीस पाटलांच्या देखत कोपरा परत दिला. ऋषीनं रस्ताभर काकूंचा हात सोडला नाही.

पुढच्या रविवारी तो डिंभ्याला शिकवायला गेला. काकू नऊवारीचा काष्टा सावरून कॉम्प्युटरला जोडलेल्या काकांच्या स्टिअरिंगपुढे खुर्चीत बसल्या. पाय पेडलला पुरेनात, म्हणून खाली पाट ठेवला. गियर समजला, हॉर्न तर फारच लवकर समजला. स्टँडमधून बस बाहेर निघाली, घाटाला लागली, आणि दुसऱ्याच वळणावर कठडा तोडून दरीत गेली!

काकूंनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"समदी मेली?"

"मेली, पन काई न्हाई काकू," ऋषी घाईनं म्हणाला. "हे बटन दाबलं की परत स्टँडवर. समदी जिवंत, बस नवी कोरी. कितीदाबी करा."

"कितीदाबी?"

"कितीदाबी."

काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"मंग ह्यांनी आतच बसून ऱ्हायाचं की रं," त्या म्हणाल्या. "भाईर कशापायी आलं च्या प्यायला?"

पाच गेमचा जाणकार ऋषी! तो बटनाकडे बोट नेऊन तसाच थांबला. शेवटी काकूंनीच पदरानं डोळे पुसले आणि स्टिअरिंग पुन्हा घट्ट धरलं.

"दाब की ते बटन. मानसं खोळंबल्यात."