हिरव्या बाटलीतला फेस

मोठे साहेब संध्याकाळी घरी येणार आहेत, असं विक्री अधिकाऱ्याने बायकोला दुपारी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येऊ देत की. चहाच द्यायचा ना?"

"चहा निमित्ताला. त्यांना घर बघायचंय."

"का? कुणाचं लग्न ठरवायचंय?"

"लग्न नाही गं. खप पडलाय."

खप सगळ्या देशातच पडला होता. साबण, शांपू, बिस्किटं, भांड्यांची पावडर, काही म्हणून पूर्वीसारखं उठत नव्हतं, आणि ते का उठत नव्हतं हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं. एक तज्ज्ञ टीव्हीवर सांगत होते, लोकांच्या खिशात पैसा उरलेला नाही. दुसरे सांगत होते, पैसा भरपूर आहे पण लोक घरबसल्या फोनवरून मागवतात. तिसऱ्यांचं म्हणणं, ही मंदी नसून तेजीच आहे, फक्त ती खालच्या बाजूला चाललीय. शेवटी कंपनीच्या मुख्य कार्यालयाने फर्मान काढलं, की साहेब लोकांनी स्वतः ग्राहकांच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघावं. मोठ्या साहेबांना अनोळखी माणसांच्या मोरीत डोकवायचा संकोच वाटत होता, म्हणून त्यांनी ओळखीच्या घरापासून सुरुवात करायचं ठरवलं. ज्याच्या भागात कंपनीच्या हँडवॉशचा खप सगळ्यात खाली, त्याचंच घर निवडलं. अशा अधिकाऱ्यांच्या बदल्या कुठेतरी लांब होणार अशी कुजबुज होतीच. त्यामुळे आपल्या अधिकाऱ्याने दुपारीच ऑफिस सोडलं.

तो धावतपळत घरी आला आणि सरळ बेसिनपाशी गेला. तिथे निळी बाटली उभी होती. न्हाणीघरात निळी, ओट्याजवळही निळीच. कंपनीचा हँडवॉश हिरव्या बाटलीत यायचा. निळी बाटली समोरच्या कंपनीची, म्हणजे साक्षात वैऱ्याची.

"हे काय?" त्याने विचारलं.

"हँडवॉश," बायको म्हणाली.

"आपला कुठाय?"

"तो कधीच बंद केला मी. तुमच्या हिरव्याने हात धुतलेत की नुसते ओले केलेत, ते कळत नाही. टिपूसभर फेस नाही त्याला."

"मला सांगायचं तरी."

"रोज निळ्यानेच हात धुताय की तुम्ही. तुम्हाला कळायला नको?"

तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेला आणि हिरवा हँडवॉश मागितला. वाणी त्याच्याकडे बघतच राहिला.

"साहेब, तुम्ही मागताय?"

"हो. एक बाटली."

"असं कसं? तुम्ही 'ठेवा' म्हणायचं, मी 'नको' म्हणायचं, अशी आपली इतक्या वर्षांची रीत. आता तुम्हीच मागायला लागलात तर मी काय म्हणू?"

"नाहीये का?"

"नाही. धूळ बसली, तुमच्याच माणसाने परत नेला. निळा देऊ का? चांगला आहे."

पुढच्या दुकानात तेच उत्तर, त्याच्या पुढच्यातही तेच. आपल्याच भागात आपलाच माल शोधत अधिकारी पायपीट करत होता, आणि प्रत्येक दुकानदार त्याला प्रेमाने निळा पुढे करत होता. शेवटी रिकाम्या हाताने घरी आला तर बायकोने पोटमाळ्यावरच्या खोक्यातून एक जुनी हिरवी बाटली काढून ठेवलेली. रिकामी. तळाशी काहीतरी सुकून चिकटलं होतं.

"यात ओता निळा," ती म्हणाली. "बाटली बघणार आहेत की आतलं?"

ही युक्ती त्याला पटली नाही, पण दुसरी सुचलीही नाही. त्याने बाटली खळखळून धुतली, निळीतला ऐवज तिच्यात ओतला आणि उरलेल्या निळ्या बाटल्या पलंगाखाली सारल्या. आता प्रश्न राहिला आईचा. आई खोटं बोलत नसे. खोट्याला तिचा विरोध होता असं नाही, पण मध्येच ती काय ठरलंय ते विसरायची.

"आई, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, आम्ही हिरवाच वापरतो."

"बरं."

"आणि आवडतो म्हणायचं."

"का आवडतो?"

"ते तुझं तू बघ."

मोठे साहेब वेळेवर आले. भला माणूस होता. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, बिस्किट कुठल्या कंपनीचं आहे ते उलटसुलट करून पाहिलं आणि आईच्या शेजारी जाऊन बसले.

"आजी, हात कशाने धुता?"

"हिरव्याने," आई म्हणाली.

"अरे वा. काय आवडतं तुम्हाला त्यातलं?"

आईने थोडा विचार केला. "त्याला फेस येत नाही. मग फार पाणी लागत नाही. आणि एकदा बाटली आणली की वर्षभर जाते. कुणी वापरतच नाही ना."

अधिकाऱ्याने घाईघाईने बिस्किटांची बशी पुढे केली. साहेबांनी मात्र मान डोलावली. "हेच. हेच ऐकायला आलो होतो मी. तळमळीने सांगतंय कुणीतरी. फेस नाही. बघू बरं."

ते उठून बेसिनपाशी गेले, दोन थेंब हातावर घेतले आणि चोळू लागले. फेस आला. मग आणखी आला. साहेबांचे हात मनगटापर्यंत पांढरे झाले, फुगे नळावर चढले. साहेब त्या फेसाकडे टक लावून बघत उभे.

"आजी, हा फेस नाही तर काय आहे?"

आई उठून आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "आता आला बाई. पाहुण्यांचा पायगुण."

साहेबांनी हात धुतले, पुसले, हुंगले. "म्हणजे आपला माल उत्तम आहे," ते म्हणाले. "लोकांचा नुसता समज वाईट झालाय. ही बाटली मी घेऊन जातो. असा फेस आपल्या मालाला कुठल्या खेपेत आला, ते प्रयोगशाळेला शोधू दे. सगळा माल तसाच काढू."

"साहेब, वापरलेली आहे ती. नवी पाठवतो मी."

"नाही, हीच. आणि उद्या मीटिंगला तुम्हीही या."

साहेब गेल्यावर अधिकारी पलंगावर बसून राहिला. खाली निळ्या बाटल्या, वर तो.

"आता काय करायचं?" बायकोने विचारलं.

"बॅगा भरायला घे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये हिरवी बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली होती. मोठे साहेब, कारखान्याचे मॅनेजर, प्रयोगशाळेच्या बाई आणि शेवटच्या खुर्चीत आपला अधिकारी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. खरं सांगून टाकायचं, असं त्याने पहाटे ठरवलं होतं, आणि चहा पिताना ते रद्दही केलं होतं.

"तपासलंत?" साहेबांनी विचारलं.

"तपासलं," बाई म्हणाल्या. "बाटली आपली आहे. आतला माल निळ्यांचा आहे."

साहेबांनी हळूच मान वळवून अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी उभा राहिला. "साहेब, त्याचं असं झालं—"

"थांबा जरा," कारखान्याचे मॅनेजर म्हणाले. "निळ्यांचा म्हणजे आपल्याच कारखान्यातला."

"आपल्या?" साहेब म्हणाले.

"खप पडला तसा आपला कारखाना निम्मा रिकामा पडला ना. यंत्रं बसवून ठेवून काय करायचं? गेल्या वर्षीपासून निळ्यांचं काम घेतलंय. त्यांचा हँडवॉश आम्हीच भरतो."

"मग आपला हिरवा कुठे भरता?"

"जागा कुठाय? तो बाहेरून करून घेतो."

"कुणाकडून?"

मॅनेजरांनी घसा खाकरला. "निळ्यांकडूनच. त्यांचाही एक कारखाना रिकामा होता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "म्हणजे आपण त्यांचा चांगला माल बनवतो."

"हो."

"आणि ते आपला..."

"आपण सांगतो तसाच बनवतात. त्यांची चूक नाही."

साहेबांनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. अधिकारी अजून उभाच होता, कारण बस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मग साहेबांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. "आपला माल उत्तम आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुठल्या गोष्टीला, ते बहुधा कुणालाच नीट समजलं नव्हतं. बदलीचा विषय निघालाच नाही. मीटिंग संपल्यावर साहेब लिफ्टपाशी अधिकाऱ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"घरी निळा वापरता तर."

"हो साहेब. चूक झाली."

"यापुढे घरात आपल्याच कारखान्याचा माल पाहिजे."

"म्हणजे निळाच ना, साहेब?"

तेवढ्यात लिफ्ट आली. साहेबांना जायचं होतं खाली, पण ते वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये शिरले.

अधिकारी घरी आला तो हवेत तरंगतच. पलंगाखालच्या निळ्या बाटल्या त्याने स्वतः बाहेर काढल्या, एक बेसिनवर राजरोस मांडली आणि बायकोला नि आईला सगळी हकिगत सांगितली. बायकोने दोनदा विचारून घेतलं, तरी तिला कोण कुणाचं काय बनवतं याचा मेळ लागेना.

"एवढं लक्षात ठेव," तो म्हणाला, "हा निळा आपल्याच कंपनीत बनतो. अगदी वर्षभर झालं."

आई उठली. बेसिनपाशी जाऊन तिने दोन थेंब हातावर घेतले, चोळले आणि ओंजळभर फेसाकडे निरखून पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "हल्ली पूर्वीसारखा येत नाही."