पायावरचा पिनकोड

आमच्या गावचा डोमाजी पोस्टमन लोकांच्या गजकर्णावर पत्ता लिहायचा. थट्टा नाही. कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करायची आणि चट्ट्याभोवती गावाचे सहा आकडे, जांभळे, गोल गोल. पिनकोड निघाला आणि हा माणूस कामातून गेला.

मूळ त्याच्या पोराच्या पत्रात. पोरगा मुंबईला औषधाच्या कारखान्यात. त्यानं लिहिलं होतं, बुरशी पेशीच्या आत लपते, औषध बाहेरच अडते, ते नेमकं आत पोचवायची खटपट चालू आहे. पेशी म्हणजे आम्ही साकोलीच्या कोर्टातली तारीख समजलो. डोमाजी मात्र ते पत्र खिशात घालून दारोदार समजावत हिंडायचा.

"आंगात लाख घरं असतात गा किसन! मलम गावात येते, घरात नाही जात. ओसरीवरच बिडी वढत बसते. पत्ता पायजे, पत्ता!"

मी चौथी नापास, पण बावळट नाही. म्हटलं, "अन् बुरशीनंच पत्ता वाचला तं?"

"बुरशी तुह्यावानीच अनपढ हाय."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पण ऐन धानाच्या रोवण्यात माझ्या डाव्या पायाला चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या. साकोलीच्या मलमाच्या दोन नळ्या संपल्या, बांधीच्या चिखलात पाय टाकवेना. बायको म्हणाली, "आता तरी लिहून घ्या." गेलो मान खाली घालून. त्यानं बेचकीबेचकीत आकडे काढले. वरून शिक्काही मारणार होता, मी पाय ओढला.

आठ दिवसांत पाय सुकला! साकोलीचा डॉक्टर पोट धरून हसला. "पेन्सिलीचा जांभळा रंगच बुरशीला मारते, बाबा. पत्ता कायचा?"

हे डोमाजीला ऐकवायचंच, असं ठरवून पोस्टात गेलो. तो रिकामी थैली उलटी करून झटकत होता. एकदा, दोनदा.

"काय हारपलं गा?"

"पोराचं पत्र." खिशातलं जुनं पत्र त्यानं चाचपलं. "याच्यावर पिन नव्हता, तरी आलं. त्याले दोन वर्सं झाले. मंगचे सारे कुठीतरी भटकत असन. पिन लिहाले इसरते पोरगा."

डॉक्टरचं बोलणं माझ्या तोंडाशी आलं होतं.

माझा उजवा पाय ठणठणीत होता. तोच मी बाकावर ठेवला.

"याच्यावरही लिही गा. नीट लिही, साहाच्या साहा."